बेसबॉल जर्मनांचा? १७९६ चं पुस्तक नीट वाचा

धागाकर्ता: काल कुणीतरी लिहिलं, 'गुट्समुथ्स या जर्मन शिक्षकाने १७९६ मध्ये बेसबॉलचे नियम छापले, म्हणजे खेळ जर्मन.' वाचून तिडीक गेली. त्याच पुस्तकात तो या खेळाला 'इंग्लिश बेसबॉल' म्हणतो आणि 'जर्मन चेंडूखेळ' वेगळा देतो! इंग्लिश खेळात चेंडू टाकणारा पाच-सहा पावलांवरून अलगद उडवतो, मारणाऱ्याला तीन संधी. शिवाय १७४४ च्या इंग्लिश बालपुस्तकात बेसबॉलवर कविता आहे.

सह्यकडा: त्या कवितेच्या चित्रात खांब आहेत, बॅट कुठेय? बॅटीसकट नियम पहिल्यांदा छापले ते जर्मनानेच. आणि परंपरेच्या गोष्टी सांगूच नका. १९०७ च्या अमेरिकी समितीनेही डबलडे या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाऊन गावी खेळ शोधला असं ठरवलं होतं. प्रत्यक्षात तो तेव्हा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता.

नेकारकाठ: माझी लेक श्टुटगार्टच्या शाळेत ब्रेनबॉल खेळते. चेंडू भिरकावला की ती खुणांवरून पळत सुटते, तो ठरल्या जागी परत येईपर्यंत खूण गाठली नाही तर बाद. हे इंग्रजांनी शिकवलं?

धागाकर्ता: आजच्या शाळेतल्या तासावरून अठरावं शतक सिद्ध होत नाही, ताई.

पाटीलवाडा: पळणाऱ्याला चेंडू फेकून मारायचा, हे आपल्या लगोरीतही आहे. पाठीवर वळ घेऊन घरी गेलोय. मग आपलाही हक्क धरा!

सह्यकडा: लगोरीत बॅट नाही, विषय भरकटवू नका.

न्यूजर्सीकर: भरकटू दे, मुद्दा तोच आहे. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबच्या १८४५ च्या नियमांनी चेंडू फेकून मारणं बंद केलं. अंगावर बसायचा नाही म्हटल्यावर चेंडू टणक करता आला, टणक झाला म्हणून लांब जायला लागला. आजचा बेसबॉल तिथे घडला.

पाटीलवाडा: आणि अमेरिकेतलेच मॅसॅच्युसेट्सवाले? त्यांच्या १८५८ च्या नियमांतही चेंडू फेकून मारत होते. त्यांचा बेसबॉल नव्हता?

न्यूजर्सीकर: होता. हरला. माझा मुलगा लीगमध्ये खेळतो, तो चेंडू एकदा हातात घेऊन बघा, मग फेकून मारायच्या गोष्टी करा.

सह्यकडा: मूळ प्रश्न राहिला बाजूला. छापील नियमांचा पहिला मान जर्मनीचा, एवढं तरी कबूल करा.

धागाकर्ता: नियम छापल्याचा मान घ्या. खेळाचा नाही.

नेकारकाठ: घेतला. आणि 'जर्मन चेंडूखेळ' कसा खेळायचे, त्यावर आता तुम्हीच लिहा.