पहिलाच होम थिएटर, बजेट ३५ हजार (सांगली): रिसीव्हर-स्पीकर की साउंडबार?

कृष्णाकाठचा:
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं बघतोय, आता बोनस हातात आहे तोवर उरकून टाकतो.

विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. हॉल ११ बाय १५. टीव्ही ४३ इंची, मागं एचडीएमआय एआरसी आहे, ऑप्टिकलचं भोकपण आहे (दोन्ही टीव्हीचा आवाज बाहेर काढायला). सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर, आणि सोफ्याच्या पाठीला लगेच भिंत.

खरी गरज वडिलांची. वय ७४. उभा जन्म भावे नाट्यमंदिरात तिसऱ्या रांगेत बसून नाटकं बघितलेला माणूस, आता म्हणतात टीव्हीवरचं बोललेलं कळत नाही. आवाज ४० वर नेतात, मग मारामारी सुरू झाली की खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात.

रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना वाटणारी अँप्लिफायरची पेटी) आणि सुटे स्पीकर घेऊ, की साउंडबार (टीव्हीखालची लांब स्पीकरपट्टी)? बजेट ३५ हजार, वायरींसकट. वर एक रुपया नाही.

आईला सांगितलं घरात डॉल्बी आणतोय, तर म्हणाली, "मग मिरवणूक कुठनं काढायची, स्वयंपाकघरातनं?"

भडंगप्रेमी:
सोनीचा एचटी-एस२०आर साउंडबार. विषय संपला. ५.१ आहे (पाच चॅनल आणि एक सबवूफर), ४०० वॉट, सब म्हणजे घुमणाऱ्या आवाजाची पेटी वेगळी, मागचे दोन स्पीकर वायरचे. सेलमध्ये घेतला, अजून एकदाही तक्रार नाही. आमच्या अपार्टमेंटमध्ये माझं बघून तिघांनी घेतला. उरलेल्या पैशात वहिनींना काहीतरी घ्या, पुढचे सहा महिने शांततेत जातील.

कंदी_पेढा_सातारा:
३५ मध्ये होम थिएटर होत नाही, स्पष्ट सांगतो. वर्षभर थांबा, लाख-सव्वा लाख जमवा आणि एकदाच घ्या. मी गोडोलीच्या घरी ५.१.४ केलंय, छतात चार स्पीकर. पाऊस लागला पडद्यावर की आमचे पाहुणे वर बघतात. पीओपी करतानाच वायरी टाकून घेतल्या होत्या. तुम्ही टाकल्यात का?

कृष्णाकाठचा:
नाही टाकल्या. आणि छतात स्पीकर बसवला तर वरच्या मजल्यावरचे पण बेल वाजवतील. ३५ हजार हो, ३५.

तानपुरा_मिरज:
माणसाला कान दोन. स्पीकर दोन. बाकी सगळा बाजार आहे.
मी सतारमेकर गल्लीच्या शेजारी वाढलोय. कारागीर भोपळ्यावर बोट वाजवून सांगतो ह्यातनं काय निघणार. तुमच्या त्या साउंडबारच्या प्लॅस्टिकवर टिचकी मारून बघा, डबडं वाजतं डबडं. दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर, एक साधा स्टिरिओ अँप्लिफायर. वडील नाट्यसंगीत ऐकत असतील तर तोंडभरून आशीर्वाद देतील. आमच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, उगाच नाही मिळत.

भडंगप्रेमी:
जीआय तानपुऱ्याला मिळालंय, तुम्हाला नाही. आणि त्यांना टीव्हीचं बोलणं ऐकायचंय, मैफल नाही.

वायरमन_माधवनगर:
ज्यानं विचारलंय त्याच्या कामाचं बोलतो.

पिक्चरमधलं बोलणं बहुतेक सगळं मधल्या चॅनलला असतं, सेंटरला, म्हणजे मधल्या स्पीकरच्या वाट्याला. टीव्हीचे बारके स्पीकर खाली नाहीतर मागं तोंड करून असतात, त्यात पाच चॅनलचा आवाज दोनात कालवून येतो. मग बोलणं दबतं. कान बिघडलेत म्हणून म्हाताऱ्या माणसाला दोष देतात, निम्मा दोष टीव्हीचा असतो. तर पैसे सेंटरवर घाला. रिसीव्हर असला की सेंटरची पातळी एकटी दोन-तीन डेसिबल वाढवता येते, बाकीच्याला हात न लावता. वडिलांचा प्रश्न तिथंच निम्मा सुटला.

दुसरं. सोफा भिंतीला टेकलाय म्हणता, मग मागचे स्पीकर लावणार कुठं? लोक डोक्यामागं भिंतीला खिळ्यावर टांगतात आणि कानात पाल पडल्यासारखा आवाज येतो. जागा नसेल तर बाजूच्या भिंतींवर, कानाच्या फूट-दोन फूट वर. तेही आज नाही घेतले तरी चालतंय. रिसीव्हरला सांगायचं मागचे नाहीत, तो त्यांचा आवाज पुढच्यांना वाटून देतो. पुढचे तीन आधी, सब दिवाळीला, मागचे पुढच्या दिवाळीला.

असेंबल_किंग:
भावा ३५ हजार कशाला घालवतोयस. ५.१ चा बोर्ड आन, ट्रान्सफॉर्मर आन, कॅबिनेट सुताराकडनं करून घे, आठ हजारात घर हादरतंय. मी कॉलेजला असताना ४४४० आयसीवर (अँप्लिफायरची चिप) सगळी गल्ली नाचवलीया. रिक्षावाल्यांना करून दिल्यात, ट्रॅक्टरला दिल्यात. १००० वॉट देतो लिहून.

वायरमन_माधवनगर:
एका ४४४० मधनं फार तर वीसभर वॉट निघतात. १००० कुठनं आणताय, महावितरणला विचारून सांगा.

असेंबल_किंग:
पीएमपीओ ओ.

निवृत्त_पासबुक:
पीएमपीओ हा आकडा स्टिकर छापणाऱ्याच्या मर्जीवर असतो. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॉट, पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये तो किती आवाज काढतो ते. ८६ डेसिबलच्या स्पीकरला जेवढा आवाज काढायला ४० वॉट लागतात, तेवढा ८९ वाला २० मध्ये काढतो. तीन डेसिबलला वॉट दुप्पट होतात, हे ध्यानी असू द्यावे. ११ बाय १५ च्या खोलीत साध्या रिसीव्हरचे वॉटसुद्धा उरतात.

जाता जाता: आपल्या सांगली-साताऱ्याकडे डॉल्बी म्हणजे ट्रॉलीवरची ती भिंत. वास्तविक रे डॉल्बी या गृहस्थांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट घटवणाऱ्याचे नाव आपण गोंगाटाला दिले. आमच्या शाखेसमोरून मिरवणूक जाई तेव्हा काउंटरवरच्या टाचण्या सरकत.

कंदी_पेढा_सातारा:
टाचण्या काय घेऊन बसलात, आमच्या राजपथावर छातीतलं पाणी हलतं.

गावभाग_२०१९:
सबवूफर जमिनीवर ठेवू नका!!
२०१९ च्या पुरात आमच्याकडं कमरेच्या वर पाणी. टीव्ही माळ्यावर टाकला, गॅस टाकला, तांदूळ टाकला, सब राहिला. पाणी उतरल्यावर बघतो तर एमडीएफची पेटी फुगून चौकोनाची गोल झालेली. शेजाऱ्यानं विचारलं ढोलकी कधी घेतली.

कृष्णाकाठचा:
वाईट वाटलं, पण मी दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथपर्यंत पाणी आलं तर होम थिएटरची काळजी राहणार नाही.

वायरमन, नवीन रिसीव्हर बघितले. खालच्यातला खालचासुद्धा बजेटचा तीन-चतुर्थांश खातोय. मग स्पीकरला काय राहिलं? म्हणून भडंगप्रेमींचं म्हणणं पटायला लागलंय.

भडंगप्रेमी:
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

तपकीर_गल्ली:
सांगलीत घेऊच नका. पुण्याला या, बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळ. एक दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्यात दुसरा देतो. मी ऑनलाइन किंमत मोबाइलवर दाखवूनच शिरतो.

वायरमन_माधवनगर:
आणि बिघडलं की खोकं घेऊन एसटीनं पुण्याला जायचं. साउंडबार वाईट नाही, पण त्याची अडचण अशी की बार, सब, मागचे, सगळ्यांचा जीव एकाच पेटीत. उद्या चांगला सेंटर लावू म्हटलं तर जागा नाही. पेटी गेली की सगळं भंगारात. रिसीव्हर गेला तर स्पीकर राहतात, स्पीकर वीस-वीस वर्षं वाजतात. जुना रिसीव्हर बघा की.

तासगावचा_बेदाणा:
जुना रिसीव्हर?? अजिबात नाही. मी पोळलोय. एका दुकानातनं १४ हजाराला घेतला, मालक म्हणाला घरगुती वापर. महिन्यात एचडीएमआय गेला. बाहेर वीज कडाडली आणि ह्याचा बोर्ड गेला, टीव्हीला काही नाही. दुरुस्तीवाला म्हणाला बोर्ड मिळत नाही. आता त्याच्यावर बायकोनं मनीप्लँट ठेवलाय.

कंदी_पेढा_सातारा:
त्यात बंद शोकेसमध्ये ठेवला असणार. माझा पहिला असाच गेला. वर चार बोटं जागा नाही, समोर काच, मे महिना. पाऊण तासानं "प्रोटेक्ट" (स्वतःला वाचवायला आपोआप बंद) दाखवून बंद पडायचा, मी चिडून परत चालू करायचो. शेवटी एक दिवस वास आला. लाख घालवायच्या आधी अक्कल आली ती अशी.

कृष्णाकाठचा:
एक प्रश्न. मिरजेत एका गृहस्थांकडं यामाहाचा दहा-बारा वर्षं जुना ५.१ रिसीव्हर आहे, मुलाकडं चाललेत म्हणून काढतायत. साडेपाच हजार. माणूस खरं बोलला, म्हणाला एचडीएमआय मेलेलं आहे, बाकी सगळं चालतंय. रिमोट आणि खोलीतला आवाज मोजून आपोआप सेटिंग करायचा माइकसुद्धा आहे. घेऊ का?

तासगावचा_बेदाणा:
वर काय लिहिलंय मी????

भडंगप्रेमी:
मेलेलं म्हणून सांगतोय तरी घ्यायचं? ३५ हजार असून?

तपकीर_गल्ली:
नका घेऊ. पुण्याला या.

निवृत्त_पासबुक:
गॅरंटी नसलेल्या मालमत्तेवर आम्ही कर्ज देत नसू. आपण सुज्ञ आहात.

तानपुरा_मिरज:
आमच्या गावचा आहे म्हणून विश्वास ठेवू नका, पण स्टिरिओवर लावून बघा.

वायरमन_माधवनगर:
मीपण एरवी नको म्हणेन. घ्यायचाच झाला तर बघायचं कसं ते सांगतो. ऑप्टिकलमधनं डॉल्बी डिजिटल ५.१ (सगळ्या चॅनलचा आवाज एकत्र पाठवायची पद्धत) जातं, त्याला एचडीएमआय लागत नाही. पण नेटवरचे पिक्चर बरेचसे डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये असतात, ते ऑप्टिकलला झेपत नाही. टीव्ही ते साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून देत असेल तर काम झालं. टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये पीसीएम असेल ते काढून बिटस्ट्रीम नाहीतर डॉल्बी डिजिटल करा, नाहीतर जन्मभर स्टिरिओच ऐकाल. रिसीव्हर घरी आणून लावून बघा, डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल आलं तरच पैसे द्या. पाचही चॅनलवर टेस्ट टोन वाजवा. तासभर चालू ठेवा, आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते का ऐका. स्क्रीनवर मेनू येणार नाही, पुढच्या बारक्या डिस्प्लेवर वाचत सेटिंग करावं लागेल. आणि टीव्हीच्या रिमोटनं रिसीव्हरचा आवाज कमी-जास्त होणार नाही, वडिलांच्या हातात दोन रिमोट. त्याचा विचार करा.

वायर तांब्याची घ्या, १६ गेज बास झाली. स्वस्तातली ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते, टोक खरवडलं की आतनं पांढरी दिसते.

असेंबल_किंग:
एचडीएमआय मी बसवून देतो, पाठवा हिकडं.

वायरमन_माधवनगर:
ह्यांच्याकडं पाठवू नका.

(नऊ दिवसांनी)

कृष्णाकाठचा:
घेतला. तुमचं कुणाचंच ऐकलं नाही, माफी असावी.

रिसीव्हर ५,५००. कोलकात्याच्या सोनोडाइनचे दोन बुकशेल्फ आणि त्याच घराण्यातला सेंटर, तिन्ही मिळून साडेएकवीस. वायर, ऑप्टिकल, खिळे-मोळे धरून २८ च्या आत. सब घेतला नाही, खालच्या काकांना शब्द दिलाय. उरलेले सात आईनं काढून घेतले.

पहिल्या रात्री चालूच होईना, प्रोटेक्ट. कंदी पेढ्यांची आठवण काढत बसलो. मग बॅटरी मारून बघितलं तर डाव्या स्पीकरच्या लाल वायरीची एक बारकी तार काळ्या टर्मिनलला टेकली होती, केसाएवढी. पीळ घालून परत आवळली, चालू. तेवढ्या रात्रीत दोनदा घाम फुटला.

वडिलांसाठी सेंटर तीन डेसिबल वर केला, आणि समोरून दाराच्या रबरी पाचरीनं उचलला, म्हणजे आवाज गुडघ्यावर न जाता तोंडावर येतोय. माइकवालं सेटिंग एकदा करून बघितलं, पण त्यात सेंटर उलटा कमी झाला, म्हणून हातानंच केलं. आता आवाजाचा आकडा अर्ध्यावर आणि बोलणं स्पष्ट. बातम्या लावल्या. वडील पाच मिनिटं गप्प ऐकत होते, मग म्हणाले, "ह्या माणसाची कवळी सैल आहे." खरंच, स च्या जागी शीळ येतीय त्याच्या. टीव्हीवर इतकी वर्षं कळलं नव्हतं.

दोन रिमोटचं म्हणाल तर टीव्हीचा त्यांनी आईला देऊन टाकला. रिसीव्हरचा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रबर लावलंय, त्याला कुणी हात लावायचा नाही.

भडंगप्रेमी:
अभिनंदन. पण सब नाही म्हणजे होम थिएटर नाही.

तासगावचा_बेदाणा:
पावसाळा येऊ द्या, मग बोलू.

तानपुरा_मिरज:
म्हणजे शेवटी पुढं दोनच लावले. मधला बंद करून ऐका एकदा.

नवीन_सदस्य_जत:
माझ्याकडंपण असाच जुना रिसीव्हर पडून आहे. ऑप्टिकल वायर किती मीटरची लागली?

कृष्णाकाठचा:
दीड मीटर पुरली. तिच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकची बारकी पारदर्शक टोपी असते, ती काढून मग घाला. मी एका बाजूची काढली नव्हती आणि अर्धा तास टीव्हीला शिव्या देत होतो.