मदत हवी आहे: झाडावर चढायला सिंगल रोप की डबल रोप?

पानोपानी:
मंडळी, जरा सविस्तर मदत हवी आहे. उंच झाडांच्या शेंड्याकडच्या फांद्यांवरून बिया गोळा करायच्या आहेत. झाडं जिवंत, धडधाकट आहेत, त्यामुळे काट्यांचे बूट घालून चढणं मला अजिबात नकोय, दर पावलाला सालीत भोक पडतं आणि तिथून रोग आत शिरतो. म्हणजे रोपनेच चढायचं हे नक्की, पण कुठल्या पद्धतीने यावर अडलोय.

कड्यांवर जुमार (रोपवर वर सरकणारं पण खाली न घसरणारं पकडीचं साधन) वापरलाय त्यामुळे सिंगल रोप ओळखीचा वाटतो. रोप जागचा हलत नाही, आपण त्यावरून वर सरकायचं, एक मीटर चढायला एकच मीटर. पायाला एक असेंडर, म्हणजे जुमारसारखंच साधन, आणि गुडघ्याला एक लावला की सगळा जोर पायांचा, हात फारसे दमत नाहीत. डबलमध्ये मात्र रोप फांदीवरून टाकून एक टोक हार्नेसला (अंगावरच्या पट्ट्यांना), खाली आलेल्या दुसऱ्या पदरावर ब्लेक्स हिच किंवा प्रुसिक, म्हणजे हाताने सरकणारी पण भार आला की आवळणारी गाठ, ती पण हार्नेसलाच, आणि चढताना रोप फांदीवरून सरकत राहतो. वजन दोन पदरांत वाटलं गेल्यामुळे ओढायला हलकं पडायला हवं पण एक मीटर वर जायला दोन मीटर रोप खेचायचा आणि खडबडीत सालीवर घर्षण एवढं की तो हलकेपणा बराचसा तिथेच जिरतो, शिवाय झाडाची साल घासते ते वेगळंच.

एवढं बघता सिंगलच बरा वाटतो, पण दोन गोष्टी खटकतायत. खोडाच्या बुंध्याशी रोप बांधला तर वरच्या फांदीवर नेमका किती भार येतो? आणि असेंडरवर चढलेला माणूस वर गेल्यावर फांद्यांमध्ये फिरणार कसा, खाली-वर कसा होणार? मला नुसतं वर पोचायचं नाहीये, काम वर आहे. सोबत दोघं अगदी नवीन आहेत, त्यांना आधी काय शिकवावं हे पण सांगा.

रानवेडा:
भाराचं आधी, कारण तिथेच लोक फसतात. बुंध्याशी अँकर केला की फांदी पुलीसारखी होते. एका बाजूला तुम्ही लटकलेले, दुसऱ्या बाजूला तेवढाच ताण बुंध्याकडे, म्हणजे ७० किलोच्या माणसाचा फांदीवर १४० किलोपर्यंत भार. सालीच्या घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडा कमी येतो पण हिशोब दुपटीचाच धरा. डबल रोपमध्ये किंवा वरच फांदीला रोप बांधला तर भार तुमच्या वजनाइतकाच. म्हणून सिंगलला फांदी निवडताना कंजूषी नको, जिवंत, जाड, खोडाजवळचा बेचका बघा आणि चढण्याआधी दोघांनी मिळून रोपला लटकून बघा, खालीच असताना.

आता फिरण्याचं. दातेरी असेंडर चढायलाच, त्यावरून उतरता येत नाही, उतरायचं तर भार दुसऱ्या साधनावर घ्यावा लागतो आणि त्या अदलाबदलीत चूक होऊ शकते. त्यात रोप ढिला ठेवून झटका बसला तर दात रोपची बाहेरची खोळ फाडू शकतात. नुसती ब्लेक्स हिच सिंगल रोपवर बांधायचा मोह होईल, नका करू. सगळं वजन एकाच पदरावर आल्यावर गाठ आवळून बसते, मग सुटत नाही, आणि सुटली की भर्रकन सरकून तापते, वितळून गुळगुळीत होते. यासाठीच रोप रेंच असतो, तो गाठीच्या वर बसून थोडं घर्षण स्वतःवर घेतो, मग त्याच गाठीवर चढता पण येतं आणि उतरता पण येतं.

तुमच्या नवीन दोघांना मी डोळे झाकून आधी डबल शिकवेन, जमिनीपासून हातभर उंचीवर. एकच गाठ चढायला, थांबायला, उतरायला, बदलायचं काहीच नाही. फांदीवर दोन रिंगांचा फ्रिक्शन सेव्हर (फांदीवर टाकायचा पट्टा, रोप त्याच्या रिंगांतून सरकतो) टाका, झाडाची साल पण वाचते आणि ओढणं पण खरंच हलकं होतं.

दोरखंड:
वरच्याशी सहमत. पण बुंध्याच्या अँकरचा एक मोठा फायदा राहिला. तिथे गाठीऐवजी उतरवायचं साधन लावलं आणि रोप पुरेसा लांब ठेवला तर वरचा माणूस बेशुद्ध झाला तरी खालचा त्याला सावकाश खाली सोडू शकतो. रोप उंचीच्या किमान तिप्पट लागेल, दोन पदर आधीच वर-खाली गेलेले असतात आणि उतरवताना तिसरी लांबी सोडावी लागते. आणि बुंध्याजवळ कोणी कोयता-करवत घेऊन काम करत असेल तर हा अँकर नकोच, तोच पदर तुमचा जीव आहे. आणखी एक, कड्यावरचा डायनॅमिक रोप इथे आणू नका, प्रत्येक पावलाला ताणतो, निम्मी मेहनत त्यातच जाते. लो-स्ट्रेच म्हणजे कमी ताणणारा रोप घ्या आणि तो कधीही ढिला पडू देऊ नका.

पानोपानी:
दोघांचे मनापासून आभार, दुपटीचा हिशोब माझ्या डोक्यात नव्हताच. मग उंच सरळ खोडावर सिंगलने जातो आणि वर पोचल्यावर दुसऱ्या छोट्या रोपने डबल लावून फांद्यांवर फिरतो, असं चालेल का? अजून एक, थ्रो लाइन (रोप वर न्यायला आधी फांदीवरून फेकायची बारीक दोरी) टाकली की ती बऱ्याचदा दोन-तीन फांद्यांवरून जाते, तेव्हा काय करता?

रानवेडा:
चालेल, बरेच जण तसंच करतात. फक्त डबलवर पूर्ण वजन टाकून बघितल्याशिवाय सिंगल सोडायचा नाही, मधल्या वेळात लॅनयार्ड, म्हणजे हार्नेसला लावलेली आखूड दोरी, खोडाभोवती. थ्रो लाइनचं म्हणाल तर डबलसाठी रोप एकाच फांदीवरून सुटा करावाच लागतो, नाहीतर सरकणारच नाही. सिंगलला दोन-तीन फांद्या चालतात कारण रोप हलत नाही, पण सगळ्यात वरची फांदी एकटी तुम्हाला पेलेल अशीच हवी. ती मोडली तर खालची पकडेल यावर विसंबू नका, मधलं अंतर तुम्ही पडणार असता. दुर्बीण असेल तर खालून रोप नेमका कुठल्या बेचक्यात बसलाय ते आधी बघा, शंका वाटली तर ओढून घ्या आणि परत टाका.