खांदा धरलाय, ओढून सुटायचा नाही

(बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचं रविवारचं बोलणं)

सुमनमामी, बी-203: दिवाळीपासून उजवा खांदा धरलाय. केस विंचरता येत नाहीत, पोलक्याची मागची हुकं लागत नाहीत. रात्री त्या कुशीवर वळलं की अशी कळ येते की उठून बसावं लागतं. खानापूरची जाऊ म्हणते, तिकडं एकजण हात ओढून मोकळा करतात. जाऊ का?

प्रकाशअण्णा, ए-101: जावा की मामी. माझी कंबर अशीच एका झटक्यात बसवली होती. वातच असणार.

अश्विनी, सी-102: मामी, थांबा, जाऊ नका. ड्युटी संपवून आत्ता मेसेज बघितला. आधी दोन गोष्टी करून सांगा. हात ढिला सोडा आणि काकांना उचलायला सांगा, कुठंवर जातो बघा. मग कोपर कंबरेला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला न्या, दार उघडतो तसा. आणि शुगर आहे ना तुम्हाला?

सुमनमामी, बी-203: ह्यांनी उचलून बघितला. खांद्याच्या वर जातच नाही. बाहेर तर जरासुद्धा वळत नाही गं. शुगर 8 वर्षं झाली.

अश्विनी, सी-102: मग हा बहुतेक फ्रोजन शोल्डर. पक्कं डॉक्टर तपासून सांगतील, एक एक्स-रेही काढतील. पण ओळखायची खूण हीच. स्नायूची दोरी तुटलेली असेल तर आपला हात आपल्याला उचलत नाही, पण दुसऱ्यानं उचलला की वर जातो. तुमचा दुसऱ्यानं उचलूनही जात नाही, म्हणजे सांधाच आवळलाय.

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते. तिला सूज येते, ती जाड होते आणि आक्रसते. 40 ते 60 वयात, बायकांना जास्त, आणि शुगर किंवा थायरॉईड असलेल्यांना फारच जास्त. तुम्ही काही चुकीचं उचललं म्हणून झालं असं मनात धरू नका. पहिले काही महिने दुखणं जोरात, रात्री तर जास्तच. मग दुखणं उतरतं पण हात अडकतो. मग हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षंसुद्धा लागतात. हे ऐकायला जड आहे, पण खरं सांगितलेलं बरं, नाहीतर दोन महिन्यांत माणूस हताश होऊन कुठंतरी ओढून घ्यायला जातो.

आवळलेली पिशवी झटक्यानं ओढली की ती फाटते, कधी हाडही मोडतं. पन्नाशीनंतर हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. ऑर्थोचे, म्हणजे हाडांचे, डॉक्टर गरज पडली तर भूल देऊन हात सोडवतात, ते वेगळं.

तुमचं अजून दुखण्याच्या टप्प्यात दिसतंय. ह्या वेळी सांध्यात दिलेलं स्टेरॉईडचं इंजेक्शन चांगलं लागू पडतं. फक्त त्यानंतर काही दिवस शुगर वाढते, म्हणून डॉक्टरांना शुगरचं आधी सांगा आणि घरी तपासत राहा. घरी काय करायचं? दहा मिनिटं गरम पिशवीनं शेकायचं. मग पुढं वाकून डावा हात टेबलावर टेकायचा आणि उजवा खाली लोंबकळू देऊन जातं फिरवल्यासारखा लहान लहान गोल फिरवायचा. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. थोडं ओढल्यासारखं वाटेल तिथवरच. व्यायामानंतर रात्रभर ठणकलं तर समजा जास्त झालं. आणि हात गळ्यात बांधून ठेवू नका, तो आणखी अडकेल.

प्रकाशअण्णा, ए-101: बरं झालं सांगितलीस. मग माझं काय गं? वडगावात मागावर तीस वर्षं उभा राहिलोय. आता कंबरेपासून पोटरीपर्यंत चमक जाते. एमआरआयमध्ये मणक्यातली गादी सरकली म्हणून आलंय, तेव्हापासून पडूनच आहे.

अश्विनी, सी-102: अण्णा, पडून राहू नका. काहीच दुखत नाही अशा कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्येही गादी सरकलेली दिसते. बहुतेकांचं हे दुखणं काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरतं, पण हिंडतं-फिरतं राहिलं तर. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी सावकाश चाला. मात्र लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं, सकाळपर्यंतही थांबायचं नाही.

विजयाकाकू, सी-301: माझ्या गुडघ्यातलं ग्रीस संपलंय म्हणतात. चालू की नको?

अश्विनी, सी-102: चाला काकू. सपाट रस्त्यावर. त्याआधी खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा व्यायाम करा, मांडीचा स्नायूच गुडघ्याला सांभाळतो. वजन 1 किलो उतरलं तरी दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोनं कमी होतो.

रेखाताई, ए-304: मलाही एक सांगायचंय, सगळ्यांनी वाचा. माझ्या आईची दोन्ही हातांची बोटं सुजायची, सकाळी तासभर मूठ वळायची नाही. आम्ही वर्षभर वाताची पुडी दिली. पुडीनं आराम पडायचा, पण तोंड सुजलं, शुगर वाढली. नंतर कळलं की अशा नाव नसलेल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईड घालतात. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट चालू केली. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. दुकानात पाकिटावर 'रोज एक' असं लिहून दिलं आणि मी पाच दिवस रोज दिली. तोंडभर फोड आले, पांढऱ्या पेशी उतरल्या. सहा दिवस दवाखान्यात काढले. आई वाचली. आजही ते पाकीट आठवलं की हात थरथरतात.

अश्विनी, सी-102: रेखाताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ह्या गोळीवर आठवड्याचा वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचा, सोमवार तर सोमवारच. आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या वर टिकत असेल, बोटं दोन्हीकडं सुजत असतील, तर ती गुडघ्यासारखी झीज नव्हे. तिथं शेकून वेळ घालवायचा नाही. औषध लवकर चालू झालं तर बोटं वाकडी व्हायची वाचतात.

सुमनमामी, बी-203: जावेला फोन करून नाही म्हणून सांगितलं. उद्या सिव्हिलला ऑर्थोत दाखवते. येशील का गं बरोबर?

अश्विनी, सी-102: येते मामी. साडेनऊला गेटपाशी थांबा. शुगरची फाईल आणि चालू गोळ्यांची पाकिटं घ्या. पुढची हुकं असलेलं पोलकं घाला, तपासायला हात बाहेर काढावा लागेल.