हंगेरीचा तो संघ बर्नमध्ये संपला नाही
काही जण म्हणतात की १९५४ च्या फुटबॉल वर्ल्डकपची बर्नमधली (स्वित्झर्लंड) फायनल हंगेरी पश्चिम जर्मनीकडून निव्वळ पावसामुळे हरली आणि तिथेच तो संघ संपला. पाऊस होताच, पण सगळं खापर त्याच्यावर नको. त्याआधी गटातल्या सामन्यात हंगेरीने त्याच पश्चिम जर्मनीला ८-३ असं धुतलं, तेव्हाच जर्मनीच्या लीब्रिखच्या टॅकलमध्ये हंगेरीचा कर्णधार पुश्काशचा घोटा गेला. फायनलला तो पुरता बरा नसतानाच उतरला. आठ मिनिटांत २-० आघाडी, तरी सामना ३-२ ने हातचा गेला. अगदी शेवटी पुश्काशने चेंडू जाळ्यात मारला, तो ऑफसाइड ठरवला. त्यावरून अजून भांडणं होतात.

मला विचाराल तर त्या संघाची खरी कमाल नोव्हेंबर १९५३ मधली, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर इंग्लंडविरुद्धची. हंगेरीचा हिडेगकुटी नावाला सेंटर फॉरवर्ड (सगळ्यात पुढचा खेळाडू), खेळायचा मात्र बराच मागे. इंग्लंडचा बचावपटू हॅरी जॉन्स्टनची पंचाईत: त्याच्यामागे जावं तर बचावात भगदाड, जागेवर थांबावं तर हा मोकळा. हिडेगकुटीचा पहिल्याच मिनिटाला गोल, पुढे हॅटट्रिक, हंगेरी ६-३ ने विजयी! पुश्काशने तळव्याने चेंडू मागे ओढला आणि इंग्लंडचा कर्णधार बिली राइट घसरत भलतीकडेच गेला, ते एकदा यूट्यूबवर पाहाच.

बर्ननंतरही दीडेक वर्ष हा संघ कोणाला हरला नाही. मोडला तो हंगेरीतल्या १९५६ च्या सोव्हिएतविरोधी उठावाने. तेव्हा यातल्या अनेकांचा होन्वेद क्लब युरोपियन कप या क्लब स्पर्धेसाठी परदेशात होता. पुश्काश, कोचिश, त्सिबोर मायदेशी परतलेच नाहीत. पुढे हंगेरीला १९६४ आणि १९६८ ची ऑलिंपिक सुवर्णं मिळाली म्हणा, पण १९८६ नंतर वर्ल्डकप काही गाठता आलेला नाही.