मदत हवी आहे: गुहाचित्रांपासून आधुनिक कलेपर्यंतचा इतिहास घरीच शिकतेय, क्रम कसा लावू?

नमस्कार मंडळी,

मी अंबाजोगाईची. एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) करून एका खासगी शाळेत चित्रकला शिकवते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांची तयारी करून घेते. यंदा दृश्यकला विषयात नेट (कॉलेजात शिकवण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यायचं ठरवलंय आणि गाडं अडलंय ते कलेच्या इतिहासावर. चांगली शिकवणी हवी तर पुणं-मुंबई गाठा. ऑनलाइनवाले पीडीएफ पाठवतात आणि "पाठ करा मॅडम" म्हणतात.

पाठ करणं जमतं हो. इटलीच्या जॉत्तोची पादुआची भित्तिचित्रं १३०५ च्या सुमाराची, मायकेलअँजेलोचं सिस्टिन चॅपेलचं छत १५०८ ते १५१२, इंप्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन १८७४, पिकासोचं पाच बायकांचं ते चित्र १९०७. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण चित्र समोर ठेवून "हे असं का काढलं असेल?" विचारलं की गप्प.

दुसरं म्हणजे, हातात आलेल्या बहुतेक नोट्स युरोपचीच वाट धरतात. गुहा, इजिप्त, ग्रीस, रोम, चर्च, रेनेसाँ, मग इंप्रेशनिझम, क्यूबिझम अशी 'इझम'ची रांग. भारत एका प्रकरणात कोंबलेला, सिंधू संस्कृतीपासून राजा रविवर्म्यापर्यंत एका दमात. अजिंठ्याची नंतरची लेणी पाचव्या शतकातली. युरोपच्या पट्टीवर तेव्हा पश्चिमेचं रोम कोसळतंय आणि नोट्समध्ये त्या शतकाला दोन ओळी. मग कालपट्ट्या दोन ठेवू की एक? एक केली तर गुंता होतो, दोन केल्या तर कशाचा कशाला मेळ लागत नाही.

पादुआ, पॅरिस काही बघणं होणार नाही. इकडचं मात्र सुट्टीत बघता येईल. गावातला हत्तीखाना (जुनं लेणं) आणि बाराखांबी (जुनं मंदिर) तर येता-जाता दिसतात. इथलं धरून जगाचा इतिहास शिकता येईल का? कुणी तसा अभ्यास केलाय का? कृपया नुसती पुस्तकांची नावं नकोत, ढीग आहे घरात.

रेघोटी:
ताई, थोडे दिवस सनावळ्या बाजूला ठेवा आणि भिंत धरा. अजिंठ्याला गेल्यावर थेट पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या प्रसिद्ध चित्रापुढे जाऊन उभ्या राहू नका, जिथले रंग पडलेत तिथे बघा. मातीचा गिलावा दिसेल, त्यात भाताचं तूस आणि गवताच्या काड्या. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर डिंक-सरसात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी सगळं साधं. निळा मात्र लाजवर्दाचा, पार अफगाणिस्तानातून आलेला.

जॉत्तोचं उलट. त्याचा गिलावा चुन्याचा आणि ओला, रंग त्या ओल्यावरच. चुना आवळायच्या आत काम उरकायचं म्हणून दिवसात होईल तेवढाच तुकडा लिंपायचा. बारकाईने पाहिलं तर एकेका दिवसाच्या कामाचे सांधे ओळखू येतात. यालाच फ्रेस्को म्हणतात. त्यामुळे नोट्समध्ये 'अजिंठ्याची फ्रेस्को' दिसली की बिनधास्त लाल पेन चालवा. ही नजर बसली की १८४१ मध्ये रंगाच्या ट्यूबचं पेटंट निघणं (रंग बाहेर नेणं सोपं झालं) आणि पुढे इंप्रेशनिस्ट मोनेने उन्हात चित्रं काढत बसणं यांचा संबंध पाठ करावा लागत नाही.

दहावं लेणं चुकवू नका. भिंतीवरचं छद्दंत जातक (बुद्धाच्या हत्तीच्या जन्माची कथा) इसवी सनापूर्वीचं, खांबांवरचे बुद्ध पाचव्या शतकातले. जुन्या चित्रांत बुद्ध माणसाच्या रूपात नाही, बोधिवृक्षाची पूजा आहे. एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ ला कोरलेलं स्वतःचं नाव आहे, तेही डोक्याच्या वर, कारण तेव्हा लेणं दगडमातीने बरंच भरलेलं होतं. (किल्ल्यावर बदाम कोरणाऱ्या पोरांना उगाच बोलतो आपण, साहेबानेही हौस भागवून घेतलीच की.)

बालाघाट:
वरचं पटतं, पण नेटच्या पेपरात तूस विचारत नाहीत, 'जोड्या लावा' आणि 'कालानुक्रम लावा' विचारतात. मी याच विषयात नेट झालोय म्हणून सांगतो, सनावळ्या सोडू नका.

कालपट्टी एकच करा. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजू चिकटवून लांब पट्टा करा, शंभर वर्षांना एक रकाना, वर युरोप, खाली भारत, मधली ओळ मोकळी. मधल्या ओळीत फक्त खरी देवाणघेवाण लिहायची. सतराव्या शतकाच्या मध्यावर औरंगाबादला बीबी का मकबरा उभा राहत होता. १६५६ ते १६६१ च्या सुमारास तिकडे हॉलंडमध्ये चित्रकार रेम्ब्रांट मुघल लघुचित्रं पुढ्यात घेऊन रेखाटनं करत होता. किंवा धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती घ्या. तशाच जातकुळीची मूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडली. पाँपेई इ.स. ७९ ला ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, म्हणजे तिथली मूर्ती त्यानंतरची असूच शकत नाही, आणि तिच्यावरून तेरच्या मूर्तीचाही काळ अंदाजता येतो. तेरचं लामतुरे संग्रहालय तुम्हाला फार लांबही नाही.

आणि प्रागैतिहासिक म्हटलं की फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहाचित्रांवर थांबू नका. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटणे लागतं. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेल्या रेघा मिळाल्यात, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीच्या. लास्को सुमारे १७ हजार.

धागाकर्ती:
शहामृग?? आपल्याकडे??

बालाघाट:
होते की. कवचं भारतात बऱ्याच ठिकाणी सापडलीत. मध्य प्रदेशातल्या भीमबेटक्याची गुहाचित्रंही प्रागैतिहासिकात टाका, वाकणकरांनी १९५७ ला शोधलेली.

काळा_पाषाण:
आधुनिक कला आली की अजिंठा संपला असं समजू नका, हा मुद्दा वर कुणी घेतला नाही. रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून तिथल्या चित्रांच्या नकला केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन बसले. त्यातलंही बरंच काम १८८५ ला लंडनलाच जळालं. नशीब म्हणतात ते हे. पण नकला जळाल्या तरी हात तयार झाले ना. मुंबईच्या पोरांनी युरोपीय पद्धतीने शिकता शिकता ती रेषा गिरवली. पुढे १९०९ ते १९११ मध्ये नकला करायला आलेल्या इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅमबरोबर बंगालचे चित्रकार नंदलाल बोस आले आणि ती रेषा बंगालला गेली. चित्रकार अमृता शेरगिल तर पॅरिसला शिकलेली. १९३६-३७ च्या दौऱ्यात तिने अजिंठा पाहिला आणि १९३७ ला 'ब्रह्मचारी' रंगवलं. ते चित्र काढून बसा आणि त्यात फ्रेंच चित्रकार गोगँ किती, अजिंठा किती ते शोधा. 'असं का काढलं' याचा सराव तिथेच होईल.

शिल्पासाठी पितळखोऱ्याची लेणी. तिथल्या यक्षाच्या मूर्तीच्या हातावर तो घडवणाऱ्या सोनाराचं नाव आहे, कान्हदास. भारतीय कलाकार कायम निनावी, असं छापणाऱ्यांना दाखवायला बरं. मूर्ती मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. पट्टा आजच चिकटवायला घेते, रेघोटी यांची भिंतही धरते. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस काढतेय, बरोबर इंटरमिजिएटच्या काही मुली आणि त्यांचे पालक. सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ. चालेल ना?

रेघोटी:
अहो नाही नाही, नेमकं उलटं करा! अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या फाट्याला ठेवून पुढे बसने जावं लागतं, तो वेळ धरा. आत फ्लॅश मारू देत नाहीत, तेव्हा मुलींना मोबाइल खिशात आणि स्केचबुक हातात म्हणून आधीच सांगून ठेवा. वेरूळला कैलास आधी बाजूच्या टेकाडावर चढून वरून दाखवा, मग खाली उतरा. कोरलंय त्याच क्रमाने.