प्लाझ्मा एक्स्चेंजला ‘रक्त बदलणे’ म्हणावं का?

गोदाकाठ: निफाडच्या मामांना जीबीएस (गिलन-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) झालं. आधी तळपायाला मुंग्या, चौथ्या दिवशी उठवेना. नाशिकला डॉक्टरांनी प्लाझ्मा एक्स्चेंज सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, “रक्त बदलायचंय.” मामी मटकन खाली बसल्या. “म्हणजे ह्यांचं रक्त नासलंय?” तासाभरात गावाकडची सहा पोरं रक्त द्यायला हजर. गरजच नव्हती. रक्त नळीतून मशीनमध्ये जातं, फिकट पिवळा प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा द्रव भाग, पिशवीत जमतो, पेशी अल्ब्युमिन या प्रथिनासोबत परत अंगात. दिवसाआड असं पाच वेळा केलं. नातेवाइकांसाठी मराठी माहितीपत्रक लिहितोय. काय म्हणू?

शब्दवेडा: रक्तद्रव्य विनिमय. ‘रक्तद्रव्य’ शाळेच्या पुस्तकात आहेच.

गोदाकाठ: मामींना ‘विनिमय’ कळणार नाही. आणि विनिमय दोघांत होतो. इथे मामांचा प्लाझ्मा टाकूनच देतात, कारण त्यातली प्रतिपिंडं त्यांच्याच नसांवर उलटलेली.

निवृत्त बाई: चुन्याची निवळी आठवा. पेशी खाली बसल्या की वर उरते ती रक्ताची निवळी. चाळीस वर्षं वर्गात असंच सांगितलं, मुलांना लगेच कळायचं.

शब्दवेडा: बाई, निवळी ठेवतात आणि गाळ टाकतात. इथे निवळीच टाकायची आहे!

द्राक्षबाग: ‘प्लाझ्मा फेरपालट’ म्हणा. पिकाची फेरपालट शेतकऱ्याला समजवावी लागत नाही. याचंच दुसरं नाव ‘प्लाझ्माफेरेसिस’, त्यातला ‘फेर’ आपलाच असणार.

शब्दवेडा: नाही हो. तो ग्रीक ‘अफेरेसिस’, म्हणजे काढून घेणं. 1914 मध्ये एबल या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करताना त्यावरून ‘प्लाझ्माफेरेसिस’ घडवला.

द्राक्षबाग: असेल. पण हवापालट, खांदेपालट चालतं, मग प्लाझ्मापालट का नको?

सिडकोकर: प्लाझ्माच राहू द्या. कोविडमध्ये घराघरांत पोचलाय तो शब्द. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याकडे साथ आली तेव्हा जीबीएससुद्धा सगळ्यांना कळलं, कुणी भाषांतर केलं नव्हतं. मला खटकतंय ते ‘नसांवर’. नस म्हणजे शीर की मज्जातंतू?

गोदाकाठ: इथेही घोळ झाला होता. “मानेच्या नसेत नळी घालू” ऐकून मामी म्हणाल्या, “दुखणं नसांचंच, त्यातच सुई कशी टोचता?” मग मी ‘शीर’ म्हणालो.

निवृत्त बाई: आमच्याकडे ‘शीर दबली’ म्हणतात तेव्हा मज्जातंतूच दबलेला असतो. ‘रक्तवाहिनी’ लिहा.

द्राक्षबाग: आमच्याकडे त्याला नस दबली म्हणतात. शीर म्हणजे हातावर फुगून दिसते ती. येवल्याकडे काय म्हणतात?