इंग्रज १९४७ ला गेले, मग गोव्यात पोर्तुगीज १९६१ पर्यंत कसे टिकले?

आरोंद्याची मुलगी: आमच्याकडे किरणपाणीचा पूल ओलांडला की गोवा. मुलाने काल तिथेच हा प्रश्न विचारला आणि मला नीट सांगता आलं नाही.

बांद्याचे गुरुजी: ताई, महायुद्धाने ब्रिटन कर्जबाजारी झाला होता. त्यात फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकच उठले. ज्यांच्या जिवावर राज्य, तेच फिरले. पोर्तुगाल मात्र युद्धात तटस्थ राहिला, आणि तिथे सालाझारची हुकूमशाही. १९५१ मध्ये त्याने वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. प्रांत म्हटल्यावर सोडायचा कशाला?

१५ ऑगस्ट १९५५ ची गोष्ट मुलाला जरूर सांगा. आदल्या रात्री काही सत्याग्रही आमच्या पडवीत पेज जेवले. आई सांगायची, ओले कपडे चुलीवर वाळत घातले होते, पण सुकायच्या आतच मंडळी निघाली. हातात शस्त्र नाही, फक्त तिरंगा. गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला पोर्तुगिजांनी गोळीबार केला, पंजाबचा कर्नैलसिंग तिथेच पडला. ते कपडे ओलेच अंगावर चढवून गेले, हे सांगताना आईचा आवाज दर वेळी बसायचा.

पेडण्याचा वाचक: गोव्यातल्या माणसांनाही विसरू नका. १८ जून १९४६ ला मडगावात समाजवादी नेते राममनोहर लोहियांच्या सभेला लोक बंदी मोडून आले होते. शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने दोन दिवसांत गोवा घेतला.

आरोंद्याची मुलगी: मग पोर्तुगालने ते मान्य केलं?

बांद्याचे गुरुजी: लगेच नाही. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनला त्यांच्याच लष्कराने हुकूमशाही उलथवली, त्यानंतर. आफ्रिकेतल्या वसाहतींमधल्या लढाया लढून ते सैनिक थकले होते. अंगोला, मोझांबिक १९७५ मध्ये सुटले. रविवारी मुलाला घेऊन पत्रादेवीच्या स्मारकावर या, मी येतो.